गोव्यात लग्न झालेल्या जोडप्यांसाठी: उत्पन्नाची निम्मी वाटणी आणि आयकर

विवरणपत्रांचा हंगाम सुरू झाला की आमच्या फोंड्याच्या कचेरीत बरेच गृहस्थ एकटेच येतात. पिशवीत स्वतःचं पॅन कार्ड, बँकेचं पासबुक आणि दुकानाचा हिशेब असतो. "बाईंचे कागद कुठे आहेत?" असं विचारलं की उत्तर येतं, "तिचं काय असणार? ती घरीच असते." गोव्याच्या कायद्याखाली लग्न झालेल्या जोडप्याच्या बाबतीत हे उत्तर बहुतेक वेळा चुकीचं ठरतं. नवऱ्याच्या दुकानाचा नफा, घरभाडं, ठेवींवरचं व्याज यांतलं अर्धं उत्पन्न आयकराच्या दृष्टीने तिचंच असतं. हे माहीत नसल्यामुळे कुणी नको तेवढा कर भरतो, तर कुणाला नोटीस येते. म्हणून हे माहितीपत्रक.

हा नियम आला कुठून

पोर्तुगीज नागरी संहिता गोव्यात १८७० साली लागू झाली. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, तरी विवाह आणि कुटुंबाच्या मालमत्तेविषयीचा हा कायदा पुढे चालू राहिला. लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल, तर नवराबायकोची मालमत्ता सामाईक होते आणि दोघांचा त्यात अर्धा अर्धा वाटा असतो. जुनी माणसं याला 'कोमुन्यांव' म्हणतात.

मग या सामाईक मिळकतीवर कर कुणाच्या नावाने लावायचा, हा वाद बरीच वर्षं चालला. शेवटी १९९४ च्या वित्त कायद्याने आयकर कायद्यात कलम ५ए घातलं आणि ते १ एप्रिल १९६३ पासून लागू असल्याचं मानलं. (या कलमात संहितेचं साल १८६० छापलं आहे. संहिता प्रत्यक्षात १८६७ ची. वाचताना गोंधळू नका, कायदा तोच.) दादरा व नगर हवेली आणि दमण व दीव इथेही हे कलम लागू आहे. १ एप्रिल २०२६ पासून आलेल्या नव्या आयकर कायद्यातही ही तरतूद कायम आहे.

कलमाचं म्हणणं थोडक्यात असं: पगार सोडून प्रत्येक सदराखालचं उत्पन्न नवराबायकोत समसमान वाटायचं आणि दोघांनी आपापल्या विवरणपत्रात आपला अर्धा वाटा दाखवायचा. पगार मात्र ज्याने कमावला त्याचाच. निवृत्तिवेतन पगारात मोडतं, त्यामुळे तेही वाटलं जात नाही.

पत्रादेवीचा नाका ओलांडून बांदा-सावंतवाडीला गेलात की नियम उलटा होतो. तिथल्या नवऱ्याने बायकोच्या नावाने स्वतःच्या पैशाची ठेव ठेवली, तरी तिचं व्याज कलम ६४ प्रमाणे नवऱ्याच्याच उत्पन्नात धरलं जातं. सिंधुदुर्गातल्या नातेवाइकाने सांगितलेला सल्ला म्हणूनच गोव्यात चालत नाही आणि इथला तिथे चालत नाही.

आकड्यांत पाहू

२०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंत कर नाही. पुढे दर ४ लाखांच्या टप्प्याला ५, १०, १५, २० आणि २५ टक्के, आणि २४ लाखांवर ३० टक्के. निवासी व्यक्तीचं करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल, तर ६०,००० रुपयांपर्यंतच्या रिबेटमुळे (करातल्या सुटीमुळे) नेहमीच्या दराने लागणारा कर शून्यावर येतो.

समजा, म्हापशात हार्डवेअरचं दुकान आहे. वर्षाचा निव्वळ नफा २० लाख. बायकोला वेगळी मिळकत नाही. सगळा नफा नवऱ्याच्या नावाने दाखवला, तर २ लाख कर आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे २,०८,००० रुपये. कलम ५ए प्रमाणे वाटणी केली की प्रत्येकाच्या वाट्याला १० लाख येतात, आणि दोघांचाही कर शून्य. ही पळवाट नाही, कायद्याने सांगितलेला हिशेब आहे. नवऱ्याने एकट्याने २ लाख भरले, तर कायद्याने मागितलेलाच नाही असा कर तो भरतो.

जमीन विकली तरी हेच. समजा, दीर्घकालीन भांडवली नफा ३० लाख झाला, दर १२.५ टक्के, आणि दोघांनाही दुसरं उत्पन्न नाही. एकाच्या नावाने हिशेब केला तर ४ लाख वजा जाऊन २६ लाखांवर ३,२५,००० रुपये. वाटणी केली तर दोघांचेही ४-४ लाख वजा जातात, प्रत्येकी ११ लाखांवर १,३७,५०० आणि दोघांचे मिळून २,७५,०००. उपकर वेगळा. १२ लाखांचं रिबेट या खास दराच्या नफ्यावर मिळत नाही, हे मात्र लक्षात ठेवा. ते गृहीत धरून पैसे खर्च करून बसलेली माणसं आमच्याकडे आली आहेत.

वाटणी महागही पडते

हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण कुणी सांगत नाही. समजा, नवरा कंपनीत नोकरीला आहे आणि प्रमाणित वजावट जाऊन त्याचा पगार १८ लाख आहे. बायको घरी शिकवण्या घेते, तिला वर्षाला ८ लाख सुटतात. वेगवेगळा हिशेब असता तर रिबेटमुळे तिला कर नसता आणि त्याला १,६०,००० रुपये लागले असते. पण तिचे ४ लाख त्याच्याकडे जातात, त्याचं उत्पन्न २२ लाख होतं आणि कर २,५०,०००. उपकर धरून घरातून ९३,६०० रुपये जादा जातात.

"मग आम्ही वाटणी करत नाही," असं म्हणता येत नाही. कलम ५ए ऐच्छिक नाही. फायदा असेल त्या वर्षी लावायचं आणि नसेल त्या वर्षी सोडायचं, असं कुणी सुचवत असेल तर कृपया ऐकू नका.

कुणाला लागू

सिव्हिल रजिस्ट्रारकडे पहिली सही आणि दुसरी सही होऊन गोव्यात लग्न नोंदलेलं आहे, दोघं मूळ गोंयकार आहेत आणि लग्नापूर्वी मालमत्ता वेगळी ठेवण्याचा करार केलेला नाही, तर सहसा लागू. हिंदू, ख्रिस्ती की मुसलमान, याने इथे फरक पडत नाही. लग्नाआधी वेगळेपणाचा करार झाला असेल तर लागू नाही, आणि तो करार लग्नानंतर करता येत नाही.

कोल्हापूरचं किंवा बेळगावचं जोडपं नोकरीसाठी पर्वरीत राहायला आलं आणि तिथे फ्लॅट घेतला, एवढ्याने ते कलम ५ए खाली येत नाही. उलट, मूळ गोव्याचं जोडपं मुंबईला किंवा पुण्याला राहतं म्हणून त्यातून सुटतंच असंही नाही. २०१९ मध्ये वारशाच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गोंयकारांच्या गोव्याबाहेरच्या मालमत्तेलाही ही संहिता लागू धरली. एक जण गोव्याचा आणि दुसरी बाहेरची असेल, तर आम्ही लग्नाचे कागद पाहिल्याशिवाय मत देत नाही.

तारवटी (बोटीवर नोकरी करणाऱ्यांच्या) कुटुंबांसाठी: बोटीवरचा पगार ज्याचा त्याचाच. इथल्या घराचं भाडं आणि करपात्र ठेवींचं व्याज मात्र दोघांत वाटलं जातं. नवरा त्या वर्षी अनिवासी असेल, तर त्याच्या अर्ध्या वाट्याला रिबेट मिळत नाही. बायको निवासी असेल तर तिला मिळतं.

विवरणपत्र भरताना

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. वाटायचं उत्पन्न असेल, तर आयटीआर-१ आणि आयटीआर-४ हे सोपे फॉर्म चालत नाहीत, मग ते उत्पन्न नुसतं बचत खात्याचं व्याज का असेना. धंदा नसेल तर आयटीआर-२, धंदा किंवा व्यवसाय असेल तर आयटीआर-३. त्यात 'पोर्तुगीज नागरी संहिता लागू आहे का' या प्रश्नाला 'होय' म्हणायचं आणि अनुसूची ५ए मध्ये जोडीदाराचं पॅन, उत्पन्न आणि कापलेला कर भरायचा.

कापलेल्या कराचंही तसंच. बँक टीडीएस (व्याज देतानाच कापलेला कर) एकाच्याच पॅनवर कापते, पण उत्पन्न अर्धं गेलं की त्या टीडीएसची अर्धी रक्कमही जोडीदाराकडे जाते. दोन्ही विवरणपत्रांतले आकडे एकमेकांशी जुळले पाहिजेत. एकात ५०,००० आणि दुसऱ्यात ४८,००० असं झालं की परतावा अडकतो.

आमच्याकडे एक जोडपं आलं होतं. आधीच्या सल्लागाराने काही वर्षं नवऱ्याच्या विवरणपत्रात उत्पन्न अर्धं दाखवलं होतं आणि बायकोचं विवरणपत्र भरलंच नव्हतं. उरलेलं अर्धं उत्पन्न कागदावरून नाहीसंच झालं. नोटीस तिच्या नावाने आली. आपल्या नावावर एवढी मिळकत आहे हे त्या बाईंना नोटीस वाचून कळलं, याचं आम्हाला फार वाईट वाटलं. मागच्या काही वर्षांची अशी चूक अद्ययावत विवरणपत्र भरून सुधारता येते, त्यासाठी चार वर्षांपर्यंतची मुदत आहे. पण जितका उशीर, तितका जादा कर. आणि परतावा मागायला ते विवरणपत्र वापरता येत नाही.

बायकोचा अर्धा वाटा ४ लाखांवर गेला, तर कर शून्य असला तरी तिने विवरणपत्र भरलंच पाहिजे. वर्षाचा कर टीडीएस वजा जाता १०,००० रुपये किंवा त्याहून जास्त असेल, तर आगाऊ कराचे हप्तेही तिच्या पॅनवर वेगळे भरायचे. नवऱ्याच्या पॅनवर भरलेला आगाऊ कर तिच्या खात्यात आपोआप जात नाही.

जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांसाठी एवढंच: विम्याचा हप्ता, भविष्य निर्वाह निधी यांसारख्या वजावटी उत्पन्नासारख्या अर्ध्या होत नाहीत. ज्याने पैसे भरले त्याच्या त्या, आणि कलम ८०सी ची दीड लाखाची मर्यादा प्रत्येकाला स्वतंत्र. वर्ष संपायच्या आत दोघांच्या खात्यांतून भरणा केलात तर दोघांनाही उपयोग होतो.

येताना काय आणाल

लग्नाचा दाखला. लग्नापूर्वीचा करार असेल तर त्याची प्रत. दोघांचं पॅन आणि आधार. दोघांच्याही सगळ्या बँक खात्यांचे उतारे, बंद पडलेल्या आणि सोसायटीतल्या खात्यांसकट. भाडेकरार, घरपट्टीची पावती, धंद्याचा हिशेब, विक्री झाली असेल तर विक्रीखत. आयकर संकेतस्थळावरचा दोघांचा २६एएस उतारा (पॅनवर कापलेल्या आणि भरलेल्या कराची नोंद) आम्ही काढून देऊ, त्यासाठी दोघांचे मोबाईल जवळ हवेत.

आणि शक्य असेल तर दोघांनी मिळून या. बाईंच्या विवरणपत्रातला प्रत्येक आकडा आम्ही त्यांना स्वतःला समजावून सांगतो आणि मगच पुढे पाठवतो. ओटीपी मुलाने किंवा नवऱ्याने परस्पर सांगितला तर काम थांबवतो. यात पाऊण तास जास्त जातो, पण त्याचं वेगळं शुल्क आम्ही घेत नाही.