टॉरेट सिंड्रोममुळे नोकरीत भेदभाव झाला तर: तक्रार कुठे करायची, कोणत्या कागदांवर

"चाळीस टक्क्यांचं सर्टिफिकेट आहे का? नाही? मग तक्रार कशी घेणार?"

टॉरेट हा मज्जासंस्थेचा विकार आहे: मान झटकणं, घशातून आवाज येणं असे टिक्स, म्हणजे मुद्दाम न केलेल्या हालचाली आणि आवाज, होत राहतात. त्यापायी नोकरीत त्रास झालेला माणूस टेबलापलीकडून हे ऐकतो, फाइल पिशवीत टाकतो आणि पुन्हा त्या वाटेला जात नाही. पुण्यात अशा लोकांना अर्ज लिहायला मदत करताना मी हे इतक्या वेळा पाहिलं आहे की सुरुवात इथूनच करतो. हे उत्तर चुकीचं आहे. चाळीस टक्के दिव्यांगत्व ही अट सरकारी नोकरीतलं ४ टक्के आरक्षण आणि काही योजनांसाठी आहे. भेदभावाची तक्रार करायला कायद्याने टक्केवारी घातलेली नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा तो कायदा, १९ एप्रिल २०१७ पासून लागू. त्यात दोन वेगवेगळ्या व्याख्या आहेत आणि सगळा घोळ त्या एक समजल्याने होतो. 'दिव्यांग व्यक्ती' म्हणजे जिला दीर्घकाळचा शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा ज्ञानेंद्रियांचा दोष आहे आणि भोवतालच्या अडथळ्यांमुळे जिला इतरांच्या बरोबरीने वावरता येत नाही. 'लक्षणीय दिव्यांगत्व' म्हणजे प्रमाणपत्रावर ४० टक्के किंवा जास्त. भेदभावाला मनाई करणारं कलम ३ पहिल्या व्याख्येवर उभं आहे.

सर्वोच्च न्यायालयानेही हे ११ फेब्रुवारी २०२१ ला विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या निकालात स्पष्ट केलं. त्या उमेदवाराला लिहिताना हात आखडण्याचा मज्जासंस्थेचा विकार होता आणि लक्षणीय दिव्यांगत्व नसल्याने आयोगाने लेखनिक नाकारला होता. न्यायालयाने सांगितलं की वाजवी सोय, म्हणजे त्या माणसाच्या गरजेप्रमाणे करून दिलेला बदल, मिळण्याचा हक्क चाळीस टक्क्यांना बांधलेला नाही. या निकालाची प्रत अर्जाला जोडा. टेबलावरचा सूर बदलतो, हे मी स्वतः पाहिलं आहे.

टॉरेटवाल्यांची अडचण आणखी एक आहे. कायद्याच्या अनुसूचीतल्या २१ प्रकारांत टॉरेटचं नाव नाही. जुनाट मज्जासंस्थाविकारांखाली मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सन ही दोनच नावं आहेत, पण ती 'यांसारखे' असं म्हणून दिली आहेत. त्यामुळे तिथे युक्तिवादाला जागा आहे. मात्र प्रमाणपत्र देणारं मंडळ तो मान्य करेलच असं धरून चालू नका.

जो कागद कुणाकडेच नसतो

हिंजवडीत बॅक ऑफिसला काम करणारा एक मुलगा माझ्याकडे आला तेव्हा त्याच्याकडे दहा वर्षांचे केसपेपर होते, प्लास्टिकच्या पिशवीत तारखेप्रमाणे लावलेले. प्रत्येकावर जवळजवळ तेच: "टॉरेट. गोळ्या चालू. तीन महिन्यांनी दाखवणे." मधूनच मान झटकायची, घशातून बारीक आवाज यायचा आणि प्रत्येक वेळी तो "सॉरी" म्हणायचा. नोकरीवरून काढल्याच्या पत्रात कारण होतं 'सहकाऱ्यांना व्यत्यय आणणारं वर्तन'. त्या दहा वर्षांच्या कागदांत एकही ओळ अशी नव्हती जी सांगेल की हे 'वर्तन' म्हणजेच आजार आहे.

तक्रारी पडतात त्या इथे. निदान असतं, पण निदानाचा आणि कामाचा सांधा जोडणारं पत्र नसतं. न्यूरॉलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडून लेटरहेडवर, तारीख, सही आणि नोंदणी क्रमांकासह हे लिहून घ्या: विकार मज्जासंस्थेचा आहे आणि अठराव्या वर्षाआधी सुरू झाला आहे, शारीरिक टिक्स कोणते, आवाजाचे कोणते, ते मुद्दाम केलेले नाहीत, थोडा वेळ दाबून ठेवता आले तरी नंतर जोराने येतात, ताणाने आणि कमी झोपेने वाढतात, आणि या माणसाला कामाच्या ठिकाणी अमुक सोय हवी. सोय नावानिशी लिहा. कोपऱ्यातली जागा, मोठ्या बैठकीतून पाच मिनिटं बाहेर जायची मुभा, फोनऐवजी चॅटचं काम, आठवड्यातले काही दिवस घरून काम, यातलं जे लागू असेल ते. 'शक्य ते सहकार्य करावे' एवढंच लिहिलेलं पत्र काही कामाचं नाही.

दाबून ठेवण्याबद्दलचं वाक्य डॉक्टरांकडून आग्रहाने घ्या. "साहेबांसमोर तर गप्प बसला होतास, म्हणजे तुला जमतं" हा आरोप जवळजवळ प्रत्येकावर होतो. जांभई काही क्षण दाबता येते म्हणून ती मुद्दाम दिली असं कुणी म्हणत नाही. टिक्सचंही तसंच आहे. शिवीगाळ बाहेर पडण्याचं लक्षण टॉरेटच्या थोड्याच रुग्णांत असतं. तुम्हाला ते नसेल तर तसंही पत्रात येऊ द्या, कारण एचआरच्या डोक्यात बऱ्याचदा टॉरेट म्हणजे तेवढंच असतं.

सरकारी दवाखान्यातल्या ओपीडीत डॉक्टरांकडे एवढं लिहायला वेळ नसतो. कच्चा मसुदा टाइप करून न्या आणि तपासून द्यायची विनंती करा.

सोय मागितल्याचा पुरावा

वाजवी सोय नाकारणं हा कायद्याने भेदभावच आहे. पण नाकारायला आधी कुणीतरी मागितलेली असावी लागते. "मी मॅनेजरला कँटीनमध्ये सांगितलं होतं" याला सुनावणीत काही वजन राहत नाही. म्हणून ईमेल करा, साधा आणि छोटा:

"मला टॉरेट सिंड्रोम हा मज्जासंस्थेचा विकार आहे. डॉक्टरांचे पत्र सोबत जोडले आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ नुसार मला पुढील वाजवी सोय मिळावी: … आपला निर्णय कृपया लेखी कळवावा."

सीसीमध्ये स्वतःचा खासगी ईमेल पत्ता ठेवा. नोकरी जाते त्या दिवशी कंपनीचा मेलबॉक्स बंद होतो आणि पुरावा त्याच्यासोबत जातो. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की विसरत नाही.

दुसरं, राजीनामा. "तुम्हीच राजीनामा द्या, अनुभवाचं पत्र छान देऊ" असं गोड बोलून सही घेतली जाते. सही केली की तुम्ही स्वखुशीने गेलात असं कागद बोलतो आणि पुढे प्रत्येक ठिकाणी आधी तो कागद खोडत बसावं लागतं. विचार करायला वेळ मागा, तोही ईमेलवर. नोकरीला लागताना फॉर्मवर आजाराचा रकाना असेल तर तिथे खोटं लिहू नका. नंतर तेच तुमच्यावर उलटतं.

शिस्तभंगाची नोटीस आली असेल तर आणखी एक निकाल जवळ ठेवा: रविंदर कुमार धारिवाल विरुद्ध भारत सरकार, १७ डिसेंबर २०२१. केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या, ओसीडी (तेच विचार आणि त्याच कृती पुन्हा पुन्हा होण्याचा मानसिक आजार) असलेल्या अधिकाऱ्याचं हे प्रकरण. मानसिक दिव्यांगत्व असलेल्यावर शिस्तभंगाची कारवाई हा अप्रत्यक्ष भेदभावाचा प्रकार ठरू शकतो आणि दिव्यांगत्व हे कारवाईमागच्या कारणांपैकी एक असलं तरी संरक्षण मिळतं, असं न्यायालयाने म्हटलं. एकमेव कारण तेच होतं हे सिद्ध करण्याचं ओझं तुमच्यावर नाही.

प्रमाणपत्र काढायचं का?

काढता आलं तर जरूर काढा. फक्त त्याच्यासाठी तक्रार अडवून ठेवू नका. अर्ज यूडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राच्या, स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन होतो. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा आणि वैद्यकीय कागद लागतात. पुण्यात ससून, औंधचं जिल्हा रुग्णालय किंवा पिंपरीचं वायसीएम रुग्णालय यांपैकी जवळचं निवडा आणि तारीख मिळाली की मूळ कागद घेऊन जा.

गाडी अडते ती प्रकार निवडताना. टॉरेट असा पर्यायच नसतो. सोबत ओसीडी असेल, आणि अनेकांना ती असते, तर मानसिक आजाराखाली तपासणी होऊ शकते. तिथे स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद आणि काम अशा अंगांनी गुण देतात. आवाजाचे टिक्स इतके असतील की बोलणंच तुटतं, तर वाचा व भाषा दिव्यांगत्वाचा मुद्दा मांडता येतो. जे नाही ते मात्र दाखवू नका. मंडळाला ते दिसतं. आणि तपासणीच्या खोलीत टिक्स दाबून बसू नका. लाजेपोटी लोक तेच करतात, आणि कागदावर 'तपासणीवेळी लक्षणे नाहीत' असं येतं. घरी काढलेले दोन-तीन व्हिडिओ मोबाइलमध्ये ठेवा. अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा, तो तुमचा हक्क आहे, आणि त्याविरुद्ध अपील करता येतं. टक्के चाळीसच्या खाली आले तरी ते प्रमाणपत्र फेकू नका. आजार आहे हे सरकारी मंडळाने मान्य केल्याचा तो पुरावा आहे.

दार कोणतं

सरकारी नोकरीत कलम २० थेट लागू होतं: भेदभावाला मनाई, वाजवी सोय देणं बंधनकारक, केवळ दिव्यांगत्वावरून बढती अडवता येत नाही, आणि नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर काढून टाकता येत नाही किंवा पद उतरवता येत नाही. आधी कार्यालयातल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जायचं. असा अधिकारी नेमणं कलम २३ नुसार सक्तीचं आहे. "आमच्याकडे असं कुणी नाही" म्हणाले तर तेच लेखी मागा.

इथे एक मुदत लोक उलटी वाचतात. कलमात दोन आठवडे लिहिले आहेत ते अधिकाऱ्यासाठी: तक्रार नोंदल्यापासून दोन आठवड्यांत चौकशी. घटना घडल्यापासून दोन आठवड्यांत तक्रार केली पाहिजे असा त्याचा अर्थ नाही. पंधरा दिवस उलटले म्हणून घरी बसलेली माणसं मला भेटली आहेत, आणि त्यांना कुणी एका वाक्यात सांगितलं नव्हतं याचा राग येतो. समाधान झालं नाही तर पुढे जिल्हास्तरीय समिती.

खासगी कंपनीला कलम २० लागू नाही, हे आधीच सांगतो म्हणजे नंतर धक्का बसणार नाही. पण भेदभावाच्या मनाईचं कलम ३ आहे आणि कलम २१ खासगी आस्थापनांनाही बांधतं. त्यानुसार समान संधी धोरण जाहीर करावं लागतं. वीस किंवा जास्त कर्मचारी असतील तर दिव्यांगांसाठी संपर्क अधिकारी नेमून त्यात तशी तरतूद करावी लागते. एचआरला पहिला प्रश्न हाच विचारा: धोरणाची प्रत द्या आणि संपर्क अधिकाऱ्याचं नाव सांगा. उत्तर आलं नाही तर तो तक्रारीतला स्वतंत्र मुद्दा झाला.

ही तक्रार राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे करायची. पुणेकरांचं एवढं बरं की ते कार्यालय इथेच, ३, चर्च पथ, पुणे ४११००१ इथे आहे. केंद्र सरकारी कर्मचारी, आणि पुणे, खडकी, देहूरोड या कॅन्टोन्मेंट बोर्डांचे कर्मचारी यांचं दार मात्र वेगळं: दिल्लीचे मुख्य आयुक्त, टपालाने किंवा ईमेलने. कॅन्टोन्मेंट बोर्ड कायद्याने केंद्राकडे येतात. चुकीच्या दारात अर्ज दिला की महिनोन्महिने तो टेबलावरून टेबलावर फिरतो.

आयुक्तांना समन्स काढण्याचे, कागद मागवण्याचे अधिकार आहेत, पण निर्णय शिफारशीच्या स्वरूपात असतो. शिफारस ज्या प्राधिकरणाला केली त्याने तीन महिन्यांत कारवाई कळवायची किंवा न मानण्याचं कारण द्यायचं. तुमच्यासमोर चारचौघांत कुणी टिक्सची नक्कल करून हेतुपुरस्सर अपमान केला असेल तर ती बाब पोलिसांची आहे. कलम ९२ मध्ये त्याला सहा महिने ते पाच वर्षं कैद आणि दंड आहे. साक्षीदारांची नावं त्याच दिवशी लिहून ठेवा.

अर्जात तुमचं आणि कंपनीचं नाव-पत्ता, तारीखवार घटना, आणि शेवटी काय हवं ते लिहा: नोकरी परत, सोय, की पगाराची भरपाई. 'न्याय मिळावा' एवढ्यावर थांबू नका. सोबत डॉक्टरांचं पत्र, सोय मागितल्याचा ईमेल, आलेलं उत्तर, नेमणूकपत्र, काढल्याचं पत्र. वकील लागत नाही. दोन प्रती न्या. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. "ठेवून जा, बघतो" म्हणाले तरीही. सुनावणीची तारीख पुढे मागावी लागेल तेव्हा तोच आवक क्रमांक विचारतात.