नशीब व जोखीम (मराठवाड्यातील शेतमाल व्यवहार)

नफ्या-तोट्यात कर्तबगारी किती आणि योगायोग किती, हे सांगताना मोंढ्यात (धान्यबाजारात) व बांधावर वापरले जाणारे दोन शब्द. ‘नशीब’ अरबी ‘नसीब’वरून आला, मूळ अर्थ वाटणीला आलेला हिस्सा. मराठीत तो बहुधा निजामी राजवटीच्या बराच आधी, फार्सी राजव्यवहारातून रुळला असावा.

‘जोखीम’ची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. काही जण तो ‘जोखणे’ (तोलणे) या क्रियापदाशी जोडतात. अर्थाला ते सोयीचे असले, तरी शेवटच्या ‘म’चा उलगडा होत नाही. संस्कृत ‘योगक्षेम’पासून प्राकृतातून शब्द आला, हे मत अधिक ग्राह्य वाटते. योग म्हणजे नसलेले मिळवणे, क्षेम म्हणजे असलेले राखणे. (आयुर्विमा महामंडळाच्या ‘योगक्षेमं वहाम्यहम्’ या ब्रीदात हाच शब्द आहे.) राखण्याचा शब्द गमावण्याच्या भीतीकडे वळला तो बहुधा ठेवीमुळे : सांभाळायला दिलेल्या पैशाला, दागिन्यालाही मराठीत ‘जोखीम’ म्हणतात.

विभागाचा सरासरी पावसाळी पाऊस सुमारे 680 मिमी. असला, तरी सरासरीवर पेरणी साधत नाही. 2014 व 2015 ही लागोपाठ दुष्काळाची वर्षे. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले. त्याआधी 2015 च्या अखेरीस तूर क्विंटलला 10,000 रुपयांपुढे गेली होती. ज्याच्या घरात तूर, तो जाणता ठरला. पुढच्या खरिपात सगळ्यांनीच पेरा वाढवला, पाऊसही बरा झाला, आणि मोंढ्यातले दर बोनससह 5,050 रुपयांच्या हमीभावाखाली उतरले. 2021 मध्ये सोयाबीनचा भावही असाच चढून उतरला.

हे केवळ दैव मानावे का? अर्थशास्त्रज्ञ निकोलस कॅल्डॉर यांनी 1934 मध्ये ज्याला कोळ्याच्या जाळ्याची उपमा दिली, त्या सिद्धान्तानुसार मागचा भाव पाहून पेरणारे मिळूनच पुढचा भाव पाडतात. तुरीपुरते हे स्पष्टीकरण बरेचसे पटते. पावसाची वेळ मात्र त्यात बसत नाही. शिवाय 32 जणांनी पाच हंगाम ‘भाव चढेल की उतरेल’ हे नाणे उडवून ठरवले, तरी सरासरीने एकाचे पाचही अंदाज बरोबर येतात. फेटा त्याला बांधला जातो. उरलेल्या 31 जणांना कुणी काही विचारत नाही.

जमिनीच्या व्यवहारात आखणीचा योगायोग मोठा. समृद्धी महामार्ग जालना व छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतून गेला. ज्यांचे रान त्यात गेले त्यांना मोबदला मिळाला, बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्याला नाही.