फोर-पॉइंट तपासणी

फोर-पॉइंट तपासणी : जुन्या घराचा विमा उतरवताना किंवा चालू विम्याचे नूतनीकरण करताना विमा कंपनी मागते ती छप्पर, वीज, नळकाम आणि वातानुकूलन या चार यंत्रणांची मर्यादित पाहणी व तिचा छायाचित्रांसह अहवाल. ही पद्धत मुख्यतः अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातली. मराठीत तिला ‘चार-बिंदू तपासणी’ म्हणता येईल. येथे फ्लोरिडात रूढ असलेले नावच ठेवले आहे. घर विकत घेणारा स्वतःसाठी जी सर्वांगीण तपासणी करून घेतो तिच्याशी हिची गल्लत करू नये. तिच्यात पाया, भिंती, खिडक्या, वाळवी असे सगळे येते. फोर-पॉइंटमध्ये यांपैकी काही येत नाही, आणि तिचा खरा वाचक घरमालक नसून विमा कंपनीत जोखीम स्वीकारायची की नाकारायची हे ठरवणारा अधिकारी असतो.

उगम : या पद्धतीचा आरंभ सामान्यतः अँड्र्यू चक्रीवादळाशी जोडला जातो. २४ ऑगस्ट १९९२ रोजी हे वादळ दक्षिण फ्लोरिडात होमस्टेडच्या परिसरात धडकले. विम्याखालील नुकसान सुमारे १५.५ अब्ज डॉलर्स झाले आणि अनेक विमा कंपन्या बुडाल्या. बुडालेल्या कंपन्यांचा आकडा मोजणीच्या पद्धतीनुसार बदलतो. अकरा हा आकडा सर्वाधिक आढळतो. ज्यांना खासगी विमा मिळेना त्यांच्यासाठी राज्याने त्याच वर्षी एक संयुक्त विमा संघ उभा केला. वादळी वाऱ्याच्या विम्यासाठी १९७० पासून असलेल्या दुसऱ्या संघाशी त्याचे विलीनीकरण होऊन २००२ मध्ये ‘सिटिझन्स प्रॉपर्टी इन्शुरन्स कॉर्पोरेशन’ ही राज्यनिर्मित संस्था अस्तित्वात आली.

मात्र अँड्र्यूमुळेच ही तपासणी जन्मली असे सरळ म्हणण्यात एक अडचण आहे. चार बिंदूंपैकी वाऱ्याशी थेट संबंध फक्त छपराचा. जुनी वायरिंग किंवा गळका नळ वादळाची वाट पाहत नाही. शिवाय वाऱ्याला घर किती तोंड देईल हे पाहण्यासाठी फ्लोरिडात वेगळी तपासणी आहे. तिचा अर्ज ‘ओआयआर-बी१-१८०२’ या क्रमांकाने ओळखला जातो आणि तिच्यावरून हप्त्यात सूट मिळते. फोर-पॉइंटने सूट मिळत नाही. विमा मिळण्याचे दार तेवढे उघडते किंवा बंद होते. तेव्हा वादळाने कंपन्यांचे भांडवल आटवून त्यांना चोखंदळ केले आणि तपासणीचा आशय मात्र आग व पाणीगळती यांच्या नेहमीच्या दाव्यांतून आला, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. १९९० च्या दशकात ही मागणी हळूहळू रूढ झाली असावी. तिला आजचे एकसारखे रूप आले ते सिटिझन्सच्या नमुना अर्जामुळे. त्याची जानेवारी २०१८ ची आवृत्ती बरीच वर्षे चालली आणि अनेक खासगी कंपन्याही तोच नमुना स्वीकारतात.

सिटिझन्स २० वर्षांहून जुन्या घरांसाठी हा अहवाल मागते. खासगी कंपन्यांची वयोमर्यादा वेगवेगळी, बहुधा २० ते ३० वर्षांच्या दरम्यान.

वीज : अर्जातला सर्वांत तपशीलवार आणि वादाचाही भाग हाच. वायरी कशाच्या आहेत, मुख्य पुरवठा किती अँपिअरचा, फ्यूज आहेत की ब्रेकर, पॅनेल कोणत्या बनावटीचे, अशी विचारणा असते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या घरांत चिनी मातीच्या गुंड्या व नळ्या यांच्या आधाराने सुट्या तारा नेत. ती वायरिंग अजून चालू असेल तर बहुतेक कंपन्या घर नाकारतात.

अ‍ॅल्युमिनियमचा प्रश्न गुंतागुंतीचा आहे. तांबे महागल्याने साधारण १९६५ ते १९७३ या काळात घरातल्या खोल्याखोल्यांत जाणाऱ्या तारा अ‍ॅल्युमिनियमच्या टाकल्या गेल्या. दोष तारेपेक्षा सांध्यात असतो. अ‍ॅल्युमिनियम उष्णतेने तांब्यापेक्षा सुमारे एक तृतीयांश जास्त प्रसरण पावते, स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू दबते आणि त्याच्या पृष्ठभागावर वीज न वाहणारा ऑक्साइडचा थर धरतो. सांधा सैल होतो, तापतो, आणखी सैल होतो. अमेरिकेच्या ग्राहक-उत्पादन सुरक्षा आयोगाने उद्धृत केलेल्या पाहणीनुसार १९७२ पूर्वीच्या अ‍ॅल्युमिनियम वायरिंगच्या घरात एखादा सांधा ‘आगीच्या धोक्याच्या स्थितीला’ पोहोचण्याची शक्यता तांब्याच्या घरापेक्षा ५५ पट आहे. हा आकडा अनेकदा ‘आग लागण्याची शक्यता ५५ पट’ असा चुकीचा सांगितला जातो. पाहणीत मोजली गेली ती सांध्यांची स्थिती, प्रत्यक्ष आगी नव्हेत. उपाय म्हणून सगळी वायरिंग बदलणे किंवा प्रत्येक सांध्यावर तांब्याचा छोटा तुकडा विशिष्ट जोडणीने बसवणे मान्य आहे. ‘कोपॅलम’ आणि ‘अ‍ॅलुमिकॉन’ या दोन जोडण्यांची नावे अर्जातच छापलेली असतात.

पॅनेलांमध्ये ‘फेडरल पॅसिफिक’चे ‘स्टॅब-लॉक’ आणि ‘झिन्स्को’ ही नावे सर्वांत कुख्यात. १९५० च्या दशकापासून १९८० च्या दशकापर्यंत अमेरिकेत स्टॅब-लॉक पॅनेले मोठ्या संख्येने बसली. भार वाढूनही ब्रेकर पडत नाही, हा त्यांच्यावरचा आक्षेप. १९७९ मध्ये ‘रिलायन्स इलेक्ट्रिक’ या अमेरिकी कंपनीने फेडरल पॅसिफिक विकत घेतली आणि पुढच्याच वर्षी सुरक्षा-प्रमाणपत्रे गैरमार्गाने मिळवल्याचे उघड केले. सुरक्षा आयोगाने मात्र मार्च १९८३ मध्ये, पुरेशी माहिती नाही आणि पुढील चाचण्यांना पैसा नाही अशा भूमिकेतून चौकशी थांबवली. याचा अर्थ दोन्ही बाजू आपापल्या सोयीने लावतात. ‘आयोगाने पॅनेलांना निर्दोष ठरवले’ असे विक्रेते म्हणत. निवेदनात तसे काही नाही. जेसी अ‍ॅरनस्टाइन या अभियंत्याने नंतर वर्षानुवर्षे केलेल्या स्वतंत्र चाचण्यांत ब्रेकर न पडण्याचे प्रमाण मोठे आढळले, आणि विमा कंपन्यांनी व्यवहारात त्यांचीच बाजू धरली आहे. अहवालात हे नाव आले की घरमालकाने पॅनेल बदलायचे, एवढाच त्याचा अर्थ उरतो. ते पॅनेल चाळीस वर्षे बिनतक्रार चालले असले तरी.

नळकाम : येथे मुख्य शब्द ‘पॉलिब्युटिलीन’. सुमारे १९७८ ते १९९५ या काळात हा बहुधा करड्या रंगाचा, लवचीक आणि स्वस्त प्लास्टिक पाइप लाखो घरांत बसला आणि पुढे अचानक फुटू लागला. कारणाबद्दल दोन मते आहेत. पिण्याच्या पाण्यातला क्लोरीन पाइपाला आतून ठिसूळ करतो, हे एक. दुसऱ्या मतानुसार दोष आधी प्लास्टिकच्या सांध्यांचा व चुकीच्या जोडणीचा. तांब्या-पितळेचे सांधे असलेले पाइप तुलनेने टिकले. दोन्ही कारणे एकत्र नांदू शकतात. सांधे प्रथम निकामी झाले म्हणून पाइप निर्दोष ठरत नाहीत. या पाइपांवरून चाललेल्या ‘कॉक्स विरुद्ध शेल’ या सामूहिक दाव्यात १९९५ मध्ये किमान ९५ कोटी डॉलर्सची तडजोड झाली. जुन्या घरांत जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप आणि सांडपाण्याचे बिडाचे पाइपही आढळतात. त्यांची झीज आतून होते आणि तपासनीस भिंत फोडत नाही, त्यामुळे त्यांच्याविषयीचा शेरा पुष्कळदा अंदाजाचाच असतो. पाणी तापवण्याच्या टाकीचे वय मात्र तिच्या पट्टीवरून काढून हमखास लिहिले जाते.

छप्पर : डांबरी शिंगल, कौले की पत्रा, किती वर्षांचे, आणखी किती टिकेल, गळतीच्या खुणा आहेत का, अशी नोंद असते. १ मार्च २००२ पासून लागू झालेल्या राज्यव्यापी बांधकाम संहितेनंतरची छपरे कंपन्यांना अधिक विश्वासाची वाटतात. फ्लोरिडा विधिमंडळाच्या मे २०२२ च्या विशेष अधिवेशनात संमत झालेल्या कायद्याने केवळ वयावरून नकार देण्याला मर्यादा घातली. छप्पर १५ वर्षांहून कमी जुने असेल तर फक्त त्या कारणाने विमा नाकारता येत नाही. त्याहून जुने असेल तर मालकाला तपासणीची संधी द्यावी लागते, आणि किमान पाच वर्षांचे आयुष्य शिल्लक असल्याचे दिसले तर वयाचे कारण चालत नाही. ‘केवळ’ हा शब्द कायद्यात महत्त्वाचा आहे. दुसरे एखादे कारण सोबत असले की संरक्षण सैल पडते.

वातानुकूलन : चारही भागांत सर्वांत थोडक्यात आटोपणारा भाग. यंत्र चालू आहे का, त्याचे वय किती, निचऱ्याचे पाणी घरात मुरते का, आणि सुटी शेगडी हेच घर तापवण्याचे मुख्य साधन नाही ना, एवढेच.

पाहणी व सही : घराच्या चारही बाजू, छपराचा प्रत्येक उतार, झाकण काढलेले वीज-पॅनेल, टाकी, मोरीखालचे नळ आणि आढळलेला प्रत्येक दोष यांची छायाचित्रे जोडावी लागतात. सही परवानाधारक घर-तपासनीस, बांधकाम कंत्राटदार किंवा बांधकाम-संहिता निरीक्षक करतो. विशिष्ट कामाचा परवानाधारक, उदाहरणार्थ वीजतंत्री, फक्त आपल्या भागापुरती सही करू शकतो. अहवाल ही हमी नव्हे, असे अर्जावर स्पष्ट छापलेले असते.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे वाचून इमारतीचे ‘स्ट्रक्चरल ऑडिट’ आठवेल. मुंबई महानगरपालिका कायद्याच्या ३५३ ब कलमानुसार ३० वर्षांहून जुन्या इमारतींना ते करावे लागते. साम्य वयाच्या अटीपुरतेच. तिथे तुळया, खांब आणि स्लॅब पाहतात, म्हणजे फोर-पॉइंटमध्ये जे मुळीच पाहिले जात नाही ते. आणि मागणी विमा कंपनीची नसून पालिकेची असते.