आपला एक 'की' आणि हिंदीतले दोन

हिंदीत मेसेज टाइप करताना आपण मराठी लोक एका ठिकाणी हमखास गंडतो, ते म्हणजे कि आणि की. कारण साधंय, मराठीत शेवटचा इकार दीर्घ लिहायचा (आणि, नि वगैरे मोजके सोडून) हे शाळेपासून हातात बसलंय, त्यामुळे आपल्याकडे की एकच, विषय संपला. हिंदीत मात्र हे चक्क वेगवेगळे शब्द आहेत, कानाला सारखे वाटतात एवढंच.

हे वाक्य बघा: "उसने कहा कि उसने सीमा की तारीफ़ की." आता मराठीत म्हणा: "तो म्हणाला की त्याने सीमाची तारीफ केली." तिघांतला एकच उरला! पहिला ऱ्हस्व कि म्हणजे आपला की. दुसरा म्हणजे आपला ची, तोही 'तारीफ़' स्त्रीलिंगी आहे म्हणून, तिथे 'नाम' आलं असतं तर लगेच 'सीमा का नाम' झालं असतं. आणि तिसरा तर क्रियापदच निघालं, करना चा भूतकाळ. म्हणजे अडलं तर मनात मराठी करून बघायचं, की चा की च राहिला तर हिंदीत ऱ्हस्व, चा-ची-चं किंवा केली झाला तर दीर्घ. उलटं वाटतं, पण बहुतेक वेळा बरोबर येतं.

बरं, आपला की पण साधा नाहीये. "जाऊ की थांबू" मध्ये तो किंवा असतो, इथपर्यंत हिंदीचा कि सोबत येतो. पण "पाऊस थांबला की निघू" म्हटलं की त्याची साथ सुटते, तिथे हिंदीला "बारिश रुकते ही" म्हणावं लागतं. आणि "येतो की!", "आहे की!" यातल्या की चा अर्थ विचारला तर सांगता येत नाही, पण तो काढून बघा, वाक्य एकदम कोरडं पडतं.

"म्हणाला की" मधल्या की च्या कामाला गुजरातीत के आहे. पंजाबीत 'की' म्हणजे काय, "की होया?" म्हणजे काय झालं? बंगालीत तर अजून मजा, तिथे "तुमि कि खाबे?" म्हणजे तू खाणार का, आणि "तुमि की खाबे?" म्हणजे तू काय खाणार. एका वेलांटीवर प्रश्नच बदलला!

सगळ्यात भारी तुर्की. "दियोर की" म्हणजे म्हणतो की, फारसीतून गेलेला शब्द. "बिल्मियोरुम की" म्हणजे साधारण "मला माहीतच नाहीये की", शेवटी अगदी आपल्यासारखाच झटका. पण त्यांचा स्वतःचाही एक की आहे, तो शब्दाला चिकटतो: "एवदेकी केदी", घरातली मांजर. फारसीवाला सुटा लिहायचा, हा जोडून, आणि तिकडचे लोकही लिहिताना जोडायचा की तोडायचा यातच अडकतात.