तो फोटो व्हीटीचा नाहीये, समोरच्या महापालिकेचा आहे

आमच्याकडे रविवारी संध्याकाळी सगळी भावंडं जमली की फोटोवरून स्टेशन ओळखायचा खेळ रंगतो. पिवळ्या पाटीवरचं नाव झाकायचं आणि बाकीच्यांनी सांगायचं. मळवली, कामशेत, खडकी पोरं झोपेत ओळखतात. पण मधूनच कोणीतरी मुंबई महापालिकेच्या मुख्यालयाचा फोटो काढतं, अख्खी खोली एका सुरात "व्हीटी!" म्हणून ओरडते, आणि वैताग म्हणजे फोटो आणणाऱ्यालाही तेच उत्तर बरोबर वाटत असतं. दरवेळी मी समजावते, दरवेळी पुढच्या महिन्यात तेच. म्हणून आता एकदाच नीट लिहून ठेवते.

व्हीटी म्हणजे जुनं व्हिक्टोरिया टर्मिनस, आताचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, सीएसएमटी. त्याची ओळख पुणेकरांना करून द्यायची गरज नाही. सव्वासातची डेक्कन क्वीन पकडून तिथे उतरलेली माणसं घरोघरी आहेत. १८७८ ला काम सुरू झालं, दहा वर्षं चाललं, २००४ मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव आलं, एवढं बास. पण गंमत अशी की आपण स्टेशनात आतून शिरतो, गाडीतून उतरतो, गर्दीबरोबर बाहेर पडतो, टॅक्सी नाहीतर सबवे, आणि कामाला लागतो. समोर उभं राहून मान वर करून ती इमारत किती जणांनी बघितलीये? तिथेच घोळ होतो.

दोन्ही इमारती एकाच माणसाच्या, फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सच्या. स्टेशन आधी, महापालिका नंतर, ती १८९३ मध्ये पूर्ण झाली. तीही रस्ता ओलांडला की समोरच. कमानी, मनोरे, दगडातली नक्षी, मधोमध मोठा घुमट, हे सगळं दोन्हीकडे आहे, त्यामुळे "गॉथिक दिसतंय म्हणजे व्हीटी" हा तर्क कामाचाच नाही. तो सोडा आधी.

खरी गोची होते पुतळ्यामुळे. अर्धवट माहिती असलेले लोक इथे हमखास पडतात. त्यांनी कुठेतरी वाचलेलं असतं की व्हीटीवर 'प्रगती'चा पुतळा आहे, मग फोटोत उंचावर एक बाईची आकृती दिसली रे दिसली की ते निकाल देऊन मोकळे. अहो, पुतळा दोन्हीकडे आहे! बघायचं ते हे की तो उभा कुठे आहे आणि त्याला पंख आहेत का. स्टेशनवरची प्रगती घुमटाच्या अगदी टोकावर उभी आहे, तिच्यावर फक्त आभाळ. तिला पंख नाहीत, एका हातात उंच धरलेली मशाल, दुसऱ्या हाताशी आऱ्यांचं चाक. महापालिकेची आकृती पंखवाली आहे आणि ती घुमटावर नाहीच, ती खाली, प्रवेशद्वाराच्या वरच्या त्रिकोणी भिंतीच्या शेंड्यावर उभी आहे, तिच्या मागे मनोरा अजून कितीतरी वर जातो. 'अर्ब्स प्रायमा इन इंडिस', म्हणजे हिंदुस्थानातलं पहिलं शहर, या मुंबईच्या बिरुदाचं ते प्रतीक. महापालिकेच्या घुमटाच्या टोकाला माणूस नाही, नुसता कळस आहे. म्हणजे पुतळा दिसला की थांबायचं, त्याच्या पाठीमागे दगड आहे का आभाळ आहे ते बघायचं, मग तोंड उघडायचं.

घुमटही नीट बघितला तर वेगळा आहे. स्टेशनचा घुमट आठ बाजूंचा, फासळ्यांसारख्या उभ्या कडा असलेला. महापालिकेचा खाली फुगीर आणि वर निमुळता, कांद्यासारखा, विजापूरच्या घुमटांच्या घराण्यातला वाटावा असा. मला स्वतःला हाच जास्त आवडतो, आणि माझ्या मते स्टीव्हन्सचं उजवं काम महापालिकाच, पण त्यावर आमच्या घरात मतभेद आहेत.

फोटो लांबून काढलेला असेल तर अजून सोपं. स्टेशनच्या इमारतीचे दोन्ही हात पुढे, रस्त्याच्या दिशेने येतात आणि मधे बाग कवेत घेतात. महापालिका दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर बांधलीये, म्हणून मनोरा नाकासारखा पुढे आणि दोन्ही बाजू कॅमेऱ्यापासून लांब मागे पळताना दिसतात. हात तुमच्याकडे येतायत की मागे जातायत, एवढंच विचारा.

बाकी किरकोळ. फाटकाच्या खांबांवर सिंह आणि वाघ बसलेले असतील तर स्टेशन, समोर फिरोजशहा मेहतांचा पुतळा असेल तर महापालिका. घुमटाखाली दर्शनी भागावर मोठं गोल घड्याळ, ते स्टेशनचं. आणि चर्चगेट म्हणून जी घुमटांची देखणी इमारत दाखवतात ते स्टेशन नव्हे, पश्चिम रेल्वेचं मुख्यालय आहे, १८९९ चं, तेही स्टीव्हन्सचंच. त्याच्या दर्शनी त्रिकोणी भिंतीच्या शेंड्यावरच्या आकृतीच्या हातात चक्क रेल्वे इंजिन आहे. चर्चगेट स्टेशन रस्त्यापलीकडे, साधंसुधं.

रात्रीचे रंगीत दिव्यांचे फोटो मात्र मला अजिबात चालत नाहीत. जांभळा नि हिरवा प्रकाश पडला की दगडाचा रंग जातो, कडा जातात, पंख सावलीत विरघळतात, आणि मग नक्की काय ओळखायचं? तसंच वरचा भाग कापलेले फोटो. टोक दिसत नसेल तर आमच्या घरी तो फोटो मी बाद धरते आणि आणणाऱ्याचा डाव जातो.