गिअर अडतोय म्हणजे गिअरबॉक्स गेला?

‘छोट्या ट्रॅक्टरचा गिअर कुरकुरायला लागला की पेटी (गिअरबॉक्स) खोलावीच लागते.’ इंदूरहून सांवेरकडे शेती असलेल्या आपल्या मंडळींतही हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. समज चुकीचा असला तरी स्वाभाविक आहे; आवाज येतो तो पेटीतूनच.

पण आधी सपाट जागी, चाकांना दगड लावून, इंजिन बंद ठेवून गिअर टाकून पाहा. दाते समोरासमोर आले तर बंद ट्रॅक्टरलाही गिअर पडत नाही, तेव्हा दगड जरा सैल ठेवून ट्रॅक्टर थोडा हलवा. बंद असताना गिअर सहज पडतो आणि चालू असताना करकरतो? मग बहुधा क्लच पूर्ण सुटत नाही, म्हणजे पेडल दाबूनही इंजिन पेटीपासून पुरतं वेगळं होत नाही. पेडल हातानं दाबून मोकळी चाल (जोर लागायच्या आधी पेडल सैल सरकतं ते अंतर) मोजा, ट्रॅक्टरच्या पुस्तिकेतल्या आकड्याशी ताडा. चाल जास्त असेल तर क्लचचा रॉड जुळवून घ्या. काम पान्याचं, अर्ध्या तासाचं.

बंद असतानाही अडतोय? लिव्हरखालचे सांधे, बुश (सांध्यातल्या झिजणाऱ्या नळ्या) बघा. पेटीतलं ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी शिरलंय.

गिअर आपोआप सुटत असेल किंवा ऑइलमध्ये धातूचे तुकडे निघाले, तर मात्र पेटी खोलाच.