देशाला वाळीत टाकतात तेव्हा बाकीच्यांचं काय होतं?

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा बघितलाय का कधी? समजा तिथल्या सगळ्यात मोठ्या खरेदीदाराचं एका शेतकऱ्याशी बिनसलं आणि तो म्हणला, ह्याचा माल मी घेणार नाही. बरं, त्याची मर्जी. पण पुढं असंही म्हणला की जो अडत्या ह्याची पोती उतरून घेईल त्याच्याकडं मी बोलीलाच येणार नाही, मग? अडत्यांचं त्या शेतकऱ्याशी काही वाकडं नसलं तरी दुसऱ्या दिवसापासनं त्याचा फोन कोण उचलत नाही. ह्याला आपण वाळीत टाकणं म्हणतो (माणसाला असं टाकलं तर महाराष्ट्रात २०१६ च्या कायद्यानं गुन्हा आहे, देशांना कोण विचारतंय), अर्थशास्त्रात म्हणतात दुय्यम निर्बंध.

मे २०१८ ला ट्रम्प इराणच्या अणुकरारातनं (इराणनं अणुकार्यक्रम आवरायचा, बदल्यात निर्बंध उठवायचे, असा करार) बाहेर पडले आणि निर्बंध परत आणले, त्यात हे दुय्यमपण होते. युरोपियन युनियनला करार टिकवायचा होता, म्हणून त्यांनी १९९६ चा जुना कायदा झाडून बाहेर काढला की आमच्या कंपन्यांनी हे अमेरिकन निर्बंध पाळायचेच नाहीत. कागदावर एकदम कडक. पण टोटल ही फ्रेंच तेल कंपनी त्याच ऑगस्टमध्ये इराण सोडून गेली, कारण डॉलरचे पैसे शेवटी अमेरिकन बँकांतनंच फिरतात आणि २०१४ ला बीएनपी पारिबा ह्या फ्रेंच बँकेनं अमेरिकन निर्बंध मोडल्याच्या असल्याच भानगडीत जवळपास ८९० कोटी डॉलर दंड भरलेला सगळ्यांच्या लक्षात होता. स्विफ्ट, म्हणजे बँकांचे निरोप पोचवणारी यंत्रणा, तर बेल्जियममधली, युरोपच्याच कायद्याखालची, तरी तिनंपण नोव्हेंबरमध्ये इराणी बँका तोडल्या!

मग जानेवारी २०१९ ला फ्रान्स, जर्मनी आणि ब्रिटननं डॉलरशिवाय इराणशी व्यापार करायला इन्स्टेक्स नावाची कंपनी काढली. आयडिया मला आवडली होती, म्हणजे बघा, जर्मन कंपनीनं इराणला औषध पाठवलं तर तिचे पैसे इराणचा माल घेणाऱ्या दुसऱ्या युरोपियन कंपनीनं द्यायचे, तिकडं इराणातपण तसंच, पैसा हद्द ओलांडतच नाही, फक्त वहीत वजाबाकी. पण वजाबाकीला दोन्हीकडनं माल लागतो आणि युरोपनं इराणचं तेल घ्यायचं तर थांबवलेलं. मार्च २०२० ला औषधांचा एक व्यवहार झाला, २०२३ ला दुकान बंद.

आपलंही फार वेगळं नव्हतं. इराणच्या तेलाचे रुपये आपल्याच यूको बँकेत इराणच्या खात्यात जमा व्हायचे आणि त्यातनंच आपला बासमती, चहा तिकडं जायचा, मे २०१९ पासनं भारतानं तेल घेणं थांबवलं, मग त्या खात्यात नवा रुपया येणार कुठनं?